पाचजणींनी उभं राहायचं कुठं?

जुलै २०२४ मध्ये महिनाअखेरपर्यंत मावळातल्या धबधब्यापाशी पाच माणसांनी एकत्र उभं राहणं हा गुन्हा होता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ वं कलम लावून पुणे जिल्हाधिकाऱ्यांनी तसा आदेश काढला. नाव नवीन असलं तरी हे कलम म्हणजे आपलं जुनं १४४ च. मोर्चा अडवायचा असो, धरणं उठवायचं असो, आपण बाया या कलमाला चांगल्या ओळखून आहोत. नवी संहिता १ जुलैला अमलात आली आणि लगेचच तिचा बडगा उगारला गेला तो पावसात भिजायला आलेल्या माणसांवर. भुशी धरण, बेंदेवाडी, डाहुली, टायगर पॉइंट, लायन्स पॉइंट, राजमाची पॉइंट, पवना धरणाचा परिसर, यादी लांबलचक होती. शिवाय मुळशी, हवेली, आंबेगाव, जुन्नर, भोर, वेल्हे, तिथल्याही जागा होत्याच.

आदेश कशामुळे निघाला हे सगळ्यांना माहीत आहे. ३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या बाजूला डोंगरातून येणाऱ्या ओढ्यात पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. वर डोंगरावर पाऊस वाढला, पाणी पाहता पाहता चढलं आणि एक बाई आणि चार लेकरं वाहून गेली. एकमेकांना घट्ट धरून प्रवाहात उभी असलेली ती माणसं आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. शिवदुर्गची मुलं आणि नौदलाचे पाणबुडे मृतदेह शोधत होते, आणि इकडं गावात, गाडीत, कट्ट्यावर एकच प्रश्न ऐकू येत होता: आई असून लेकरांना पाण्यात नेलंच कशाला? काठावर कुणी जीवरक्षक का नव्हता, वरती पाऊस वाढतोय हे खाली सांगणारी काही सोय का नव्हती, हे विचारणारे कमी. मेली तीच बाई, आणि गुन्हेगारही तीच.

अपघात खरा आहे. दर पावसाळ्यात इथं माणसं बुडतात, पवनेच्या जलाशयात तर वर्षभर बुडतात. तेव्हा नियम नकोत असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. तालुक्यात बायांच्या गटांबरोबर काम करताना बुडालेल्या पोरांच्या आयांना मी भेटले आहे. माझं भांडण नियमाशी नाही, नियम करणारा कुणाकडं बघून नियम करतो, याच्याशी आहे.

आता या आदेशातच काय काय होतं पाहा. खोल पाण्यात उतरू नये, धोक्याच्या जागी सेल्फी काढू नये, दारू पिऊ नये, रस्त्यात गाड्या उभ्या करू नयेत, प्लास्टिक टाकू नये, मोठ्यानं गाणी लावू नयेत. आणि याच ओळीत, बाटल्या आणि स्पीकरच्या शेजारी, महिलांची छेडछाड करू नये, अश्लील हावभाव करू नयेत. मैत्रिणींनो, छेडछाडीला बंदी, तीही महिन्यापुरती आणि नेमून दिलेल्या ठिकाणांपुरती! मग १ ऑगस्टला काय करायचं? छेडछाड हा गुन्हा दंड संहितेत होताच, न्याय संहितेतही आहे, बाराही महिने आणि सगळीकडं. तो कचऱ्याच्या यादीत आणून बसवला की कचऱ्याइतकाच दिसतो. टायगर पॉइंटच्या रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी मोटारींच्या टपावर बसून चाललेला धिंगाणा ज्यांनी पाहिलाय त्यांना विचारा, तिथं बाईला काय कमी पडतं. दिव्याचा खांब कमी पडतो, शिपाई बाई कमी पडते, आणि सगळ्यात आधी संडास कमी पडतो.

संडासाचं मी मुद्दाम म्हणते. मुंबईत २०११ पासून बायांनी ‘राइट टू पी’ची मोहीम चालवली, तेव्हा कितीतरी जणांनी तोंड फिरवून हसून घेतलं. त्यांना एकदा पावसाळ्यात भाज्याच्या वाटेवर आणायला हवं. तिकिटाच्या खिडकीपाशी जे काय असेल ते असेल, पण धबधब्यापाशी पुरुष कातळामागं जातात आणि बाया पाणी पीत नाहीत. सकाळी पुण्याहून लोकलनं निघालेली मुलगी संध्याकाळी घरी पोचेपर्यंत घोटभर चहावर राहते. तिथंच दिवसभर कणसं भाजणारी बाई तर रोजच तसं करते. आमच्या आरोग्य शिबिरात लघवीच्या जळजळीची तक्रार जुलै-ऑगस्टात का वाढते, ते मला डॉक्टरनं सांगायला नको.

टपऱ्यांचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण ते कुणी सांगत नाही.

अपघातानंतर थोड्याच दिवसांत भुशी धरणाकडं जाणाऱ्या वाटेवरच्या टपऱ्या जेसीबी लावून पाडल्या. अतिक्रमण होतं, असं सांगितलं गेलं. असेल. पण वाहून गेलेल्या माणसांना टपरीनं ओढलं होतं का? कांदाभजीच्या कढईचा आणि ओढ्याच्या पुराचा संबंध कुणी मला समजावून देईल का? वाट अडते म्हणतात, मग वाट मोकळी राहील अशी जागा आखून द्या. पाडून टाकणं सोपं असतं, आणि मंत्री विधानसभेत उत्तर देत असताना काहीतरी केल्याचं दिसावं लागतं.

या टपऱ्या कुणाच्या? पाटी दादाल्याच्या नावाची असली तरी पहाटे चार वाजता उठून कांदा चिरणारी बाई असते. मावळात जुलै म्हणजे भाताची आवणी. सोमवार ते शुक्रवार चिखलात वाकून इंद्रायणीची रोपं लावायची, शनिवार-रविवार कढईपुढं उभं राहायचं. तीन महिन्यांच्या या शनिवार-रविवारांत जे मिळतं त्यावर पोरांच्या वह्या, सावकाराचं व्याज, दिवाळी. बचत गटाचा हप्ता आमच्याकडं याच पैशांतून भरला जातो, हे मी वहीत बघून सांगते. जमावबंदीचा महिना म्हणजे हप्ता चुकलेला महिना. गटातल्या एकीनं मला विचारलं, “ताई, पूर आला की पंचनामा होतो. बंदी आली तर पंचनामा कुणी करायचा?” मला उत्तर सुचलं नाही. कागदावर तिचं काही बुडालेलंच नसतं ना!

तुम्ही म्हणाल, फेरीवाल्यांसाठी कायदा आहे. आहे, २०१४ चा. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे, समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी आहेत, त्या प्रतिनिधींत एक तृतीयांश बाया असल्या पाहिजेत अशी तरतूद आहे. सर्वेक्षण झाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही, असंही तो म्हणतो. वाचून बरं वाटतं. पण पहिल्याच कलमात एक छोटंसं पोटकलम आहे: रेल्वेच्या मालकीच्या जमिनीला हा कायदा लागू नाही. आणि भुशी धरण कुणाचं? रेल्वेचं. वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून गोऱ्या साहेबाच्या काळात बांधलेलं. वाफेची इंजिनं कधीच भंगारात गेली, जमीन मात्र रेल्वेची राहिली, आणि त्या जमिनीवर कणीस विकणारी बाई भारताच्या एका चांगल्या कायद्याच्या बाहेर गेली.

सार्वजनिक जमीन म्हणतात ती इथं अशी आहे. धरण रेल्वेचं, त्यामागचा डोंगर वनखात्याचा, वळवणचं पाणी टाटांचं, पवनेचं पाटबंधारे खात्याचं, लेणी आणि लोहगड पुरातत्त्व खात्याचे, रस्ता कधी नगरपरिषदेचा तर कधी बांधकाम खात्याचा. अपघात झाला की प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो आणि हप्त्याची, पावतीची वेळ आली की प्रत्येकाचं बोट आपल्या छातीवर. जिल्हाधिकाऱ्यांनी या खात्यांना धोक्याच्या रेषा आखायला, फलक लावायला, जीवरक्षक ठेवायला सांगितलं होतं. बंदीचा आदेश माणसांना त्याच दिवशी लागू झाला. खात्यांना दिलेला आदेश कधी लागू झाला, हे ज्यानं त्यानं आपापल्या धबधब्यापाशी जाऊन बघावं.

फलकाचं म्हणाल तर फलक कुंडमळ्यालाही होता. १५ जून २०२५, पुन्हा रविवार. इंद्रायणीवरचा तो लोखंडी पूल धोकादायक आहे हे खात्याला माहीत होतं, तशी पाटी लावलेली होती, नव्या पुलाच्या पैशांची चर्चा होऊन गेली होती. पूल पडला, चार माणसं गेली, पन्नासाहून जास्त जखमी झाली. लगेच पर्यटकांची बेशिस्त, पर्यटकांची गर्दी. गर्दी होतीच, नाही कोण म्हणतं? पण तो पूल काही पर्यटकांनी सेल्फी काढायला बांधलेला नव्हता. पलीकडच्या वस्तीतली माणसं वर्षानुवर्षं त्यावरूनच जात होती, डोक्यावर भारा घेऊन बाया जात होत्या. पाटी लावली की जबाबदारी संपली, हा सरकारी हिशेब आहे. बाईनं वाचलं नाही तर ती अडाणी, आणि वाचूनही गेली तर बेशिस्त.

पाच माणसांच्या बंदीत आणखी एक गोम आहे. ती उघड्यावरच्या पाच माणसांना आहे. रिसॉर्टच्या तलावात पाचशे माणसं एकत्र नाचली तरी तिथं जमाव होत नाही, कारण तिथं तिकीट काढून आत जातात. लोणावळ्याच्या आजूबाजूचे किती डोंगर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत फाटकांच्या आत गेले, हे इथली कुणीही म्हातारी बोटावर मोजून सांगेल. अँबी व्हॅलीच्या फाटकावर तुम्हाला कुणी १६३ कलम वाचून दाखवत नाही, नुसतं परत पाठवतात. पवनेकाठी ज्यांची शेतं पाण्याखाली गेली त्यांच्या लेकी आज त्याच पाण्याकडं तोंड करून बांधलेल्या बंगल्यांत भांडी घासतात. याच पवनेचं पाणी बंद नळातून शहराला न्यायला विरोध केला म्हणून ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला महामार्गावर गोळीबार झाला. तिघं मेले, त्यांत एक बाई होती. धरणासाठी जमीन, शहरासाठी पाणी, सुट्टीसाठी काठ, हे सगळं ज्यांच्याकडून घेतलं त्यांना त्या काठावर उभं राहायची परवानगी कुणाकडून आणायची?

आणि डोंगरावर जाणं म्हणजे सहल, हा अर्थ तरी कुणाचा? ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायांना रान म्हणजे करवंदं, आळू, रानभाज्या, चुलीची काटकी. १९२७ च्या वन कायद्याचं २६ वं कलम राखीव जंगलात शिरण्यालाच गुन्हा म्हणतं. मुंबईची मंडळी वनसमितीची पावती फाडून त्याच रानात गाणी लावतात तेव्हा ते पर्यटन होतं, आणि करवंदांची पाटी घेऊन उतरणारी बाई हटकली जाते. २००६ चा वनहक्क कायदा तिच्या बाजूनं आहे. वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यावा लागतो, वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया लागतात, ग्रामसभेच्या गणपूर्तीतही तेवढ्याच लागतात. सामूहिक दावा मंजूर झाला तर रान राखायचा, सांभाळायचा अधिकार ग्रामसभेला येतो. मग पावती कुणी फाडायची, किती माणसं आत सोडायची, कुठं सोडायची नाहीत, याची चर्चा खात्याच्या कचेरीत नाही, पारावर होईल. आमच्याकडं हा दावा करायला बहुतेक गावं अजून निघालेलीच नाहीत, कारण धबधब्याच्या पैशांवरून आधीच भावकीत भांडणं लागलीत. आणि त्या भांडणांत बायांना कुणी बोलावत नाही.

मी परवान्याच्या विरोधात नाही हे पुन्हा सांगते, कारण बंदीला विरोध केला की लगेच आपल्याला बेजबाबदार ठरवतात. साताऱ्याचं कास पठार पाहा. तिथं फुलांच्या दिवसांत आधी नावनोंदणी करावी लागते, दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे, शुल्क आहे, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या वनसमित्यांकडं आहे. तिथंही कुरबुरी आहेत, त्या मी झाकत नाही. पण माणसं मोजून आत सोडणं आणि माणसांना हाकलून देणं यात फरक आहे. मोजायला माणूस लागतो, त्याला पगार लागतो, पाण्याची पातळी सांगणारी शिट्टी लागते. हाकलायला एक कागद आणि एक काठी पुरते. इंग्लंडात १९३२ मध्ये किंडर स्काउटच्या डोंगरावर गिरणीतले मजूर जमीनदारांची बंदी मोडून चढले होते, त्यातले काही तुरुंगात गेले. स्कॉटलंडनं २००३ मध्ये कायदाच केला, की जबाबदारीनं वागणाऱ्या कुणालाही मोकळ्या जमिनीवर आणि पाण्याकाठी फिरायचा हक्क आहे. आपल्याकडं याच्याही आधी महाड झालंय. १९२३ चा ठराव होता, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले म्हणून, आणि तरी १९२७ मध्ये चवदार तळ्यावर चालत जाऊन पाणी हातात घ्यावं लागलं. सार्वजनिक हा शब्द कागदावर असून पुरत नाही, हे आपल्याला कुणा परदेशातून शिकायला नको.

बायांसाठी तर हा शब्द नेहमीच अर्धा असतो. मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर’ हे पुस्तक लिहिलं. बाईला काही काम नसताना, नुसतं रेंगाळायला, बाहेर उभं राहायचा हक्क आहे, असं त्या म्हणतात. आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा बाया हसल्या. “काम नसताना? असं कधी असतं व्हय?” पण मग एकेक जण बोलायला लागली. लोहगडाच्या पायथ्याशी जन्म काढला आणि गड एकदाच पाहिला, तोही नवस फेडायला जाताना वाटेत. दुसरी म्हणाली, धबधब्यावर रोज जाते, पण डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन दुसऱ्यांना विकायला, पाय कधी भिजवले नाहीत. वाहून गेलेली ती पुण्याची बाई, घरात लग्न झालेलं, पाहुणे जमलेले, चार दिवस राबून झाल्यावर एक रविवार पाण्यात उभी राहिली असेल. तिचा तो रविवार सुरक्षित करणं हे सरकारचं काम होतं. तिच्यामागं बाकी सगळ्याजणींचे रविवार बंद करणं नव्हे.

आणि बंदीचा फटका आधी कुणाला बसतो तेही बघा. आदेश निघाला की पोरांची टोळकी मोटारसायकलवर आडवाटेनं जातातच, दंड भरतात आणि परत येतात. घरी थांबते ती मुलगी. “बघ, पेपरात आलंय, बंदी आहे”, एवढं वडिलांना पुरतं. कॉलेजच्या मैत्रिणींचा गट राजमाचीला निघाला की आधी विचारतात, सोबत कोण आहे, पुरुष कोण आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यानं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, संस्थांना पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी सक्तीची केली. पैसे घेऊन पोरं नेणाऱ्यांना हे हवंच होतं. पण राजमाचीच्या वाटेवर लहानपणापासून गुरं राखलेली मुलगी वाट दाखवायला उभी राहिली, तर तिच्या हातात प्रमाणपत्र कुठलं? ते मिळवायला लागणारा खर्च आणि घराबाहेरचे दिवस तिला कोण देणार? वाट तिची, आणि वाटाड्या पुण्याहून जीपमधून येणार!

भाज्याच्या लेण्यांत एका विहारात लहानसा लेख कोरलेला आहे. हालिकाच्या, म्हणजे नांगर धरणाऱ्याच्या, बायकोनं दिलेलं दान. दोन हजार वर्षांपूर्वीची मावळातली एक शेतकरीण या डोंगरात स्वतःच्या नावानं दगड कोरून गेली. आज खालच्या गावातल्या तिच्या वारसदारणी तिकिटाच्या खिडकीच्या अलीकडं ताक आणि लिंबू सरबत विकतात, आणि खात्याचा माणूस आला की टोपली उचलून पळतात.

आम्ही तालुक्यातल्या सात गटांनी मिळून एक निवेदन तयार केलं आहे. त्यात मागणं फार नाही. बंदीचा आदेश काढायचा असेल तर त्याबरोबर कमाई बुडालेल्या विक्रेत्या बायांचा पंचनामा व्हावा. टपऱ्यांची जागा आखताना रेल्वे, वनखातं आणि नगरपरिषद यांनी एका टेबलावर बसावं आणि त्या टेबलाशी आमच्या बाया असाव्यात. जीवरक्षक म्हणून गावातल्या पोरींना शिकवावं, त्या पोहण्यात कुणाहून कमी नाहीत, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नाही. बायांसाठी पाणी असलेला, कडी असलेला संडास असल्याशिवाय कुठल्याही जागी प्रवेशाची पावती फाडू नये. या शेवटच्या मागणीवर एक अधिकारी म्हणाले, “बाई, हे आमच्या कक्षेत येत नाही.” मग पावती कशी कक्षेत येते, हे मी त्यांना विचारलं आहे. उत्तर आलं की छापू.

ज्या मैत्रिणी जिल्ह्यात इतरत्र काम करतात त्यांनी आपल्या भागातल्या धबधब्यांची, गडांची, धरणांची अशीच माहिती जमवावी. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. त्यात एवढंच विचारा: गेल्या तीन पावसाळ्यांत बंदीचे आदेश किती दिवस होते, प्रवेशशुल्काचे आणि दंडाचे किती रुपये जमा झाले, आणि त्यातले जीवरक्षकांवर व संडासावर किती खर्च झाले. प्रत्येक खात्याला वेगळा अर्ज करा, नाहीतर एकमेकांकडं टोलवतील. ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते, ती कागदावर उरकू देऊ नका. आमच्या दोन गावांत १५ ऑगस्टच्या आधी ती भरणार आहे. विषयपत्रिकेवर पहिला विषय वनहक्काचा सामूहिक दावा, दुसरा धबधब्याच्या वाटेवरच्या टपऱ्यांची जागा. भाताची आवणी संपत आलेली असेल, तेव्हा बाया येतील. बाहेरच्या कुणाला यायचं असेल तर जरूर यावं, फक्त मुक्कामाला येणार असाल तर आधी कळवा, आणि सोबत छत्री नको, इरलं किंवा रेनकोट आणा. इथल्या वाऱ्यात छत्री टिकत नाही.